गीझर घरघरतो, त्याचं काय करायचं?

प्रश्न : आमचा २५ लिटरचा गीझर हल्ली पाणी तापताना घरघरतो, मधूनच फटफट वाजतो. दिवा लवकर विझतो आणि पाणी कोमटच निघतं. खालच्या व्हॉल्व्हमधून थेंबही गळतात. टाकी फुटेल अशी घरात सगळ्यांना धास्ती आहे. गीझर बदलावा का?

उत्तर : लगेच बदलू नका. तुम्ही ‘पाणी तापताना’ हे लिहिलंत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. लोक फोनवर गीझरची नक्कल करून दाखवतात, पण आवाज नेमका कधी येतो हे विचारलं की गप्प होतात.

तापतानाच येणारा आवाज बहुतेक वेळा क्षारांचा असतो. साखर, मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं. जड पाण्यातला चुना मात्र पाणी तापलं की बाहेर पडतो आणि नेमका सर्वांत गरम जागी, म्हणजे पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर, चिकटतो. थराखाली अडकलेलं पाणी तिथल्या तिथे उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि भोवतालच्या थंड पाण्यात फुटतात. तीच तुमची घरघर. थर्मोस्टॅटची, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या भागाची, नळी एलिमेंटला लागूनच असते. दोन्हींवर मिळून थर चढला की नळीला उष्णता आधी पोचते, टाकीतलं पाणी मागे राहतं. दिवा लवकर विझण्याचं कारण बहुधा हेच.

आता थेंब. २० अंशांचं पाणी ६५ पर्यंत तापलं की जवळपास दोन टक्क्यांनी फुगतं, म्हणजे तुमच्या टाकीत सुमारे अर्धा लिटर. गीझरच्या आत जाणाऱ्या नळीला एकतर्फी व्हॉल्व्ह असेल तर हे जास्तीचं पाणी मागे जाऊ शकत नाही. ते तुमच्या त्या खालच्या, म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकतं. तापताना ठिबकतं आणि नंतर थांबतं, तोवर व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. गीझर बंद असतानाही गळत असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकलाय किंवा पाण्याचा दाब जास्त आहे. त्या तोंडाला बूच मारणारे महाभाग मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण टाकी फाटली की त्याचा काही भाग क्षणात वाफ होतो, आणि एक लिटर पाण्याची वाफ दीड हजार लिटरहून जास्त जागा मागते. तुमची धास्ती खरी ठरायची तर ती अशा बुचानेच.

तेव्हा मेन स्विच बंद करा, पाणी निवू द्या आणि कारागीर बोलवा. खालची प्लेट उघडून एलिमेंट साफ करायला सायट्रिक ॲसिड पुरतं. बाथरूम धुण्याचं तीव्र ॲसिड टाकीत घालू देऊ नका. उघडलंच आहे तर प्लेटखालचं गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी चकती, नवं घाला आणि मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड बघा. गंज टाकीऐवजी त्याने खावा म्हणूनच तो असतो; आतली तार दिसू लागली असेल तर बदला. शेवटी गरम पाण्याचा नळ उघडून हवा निघून जाऊन सलग धार येईपर्यंत थांबा, मगच स्विच लावा. कोरडी एलिमेंट जळायला वेळ लागत नाही.

थर्मोस्टॅट ६० अंशांच्या आसपास ठेवा. त्याहून जास्त ठेवलं तर चुना वेगाने साचतो, आणि फार कमी ठेवलं तर न्यूमोनिया घडवणाऱ्या लिजिओनेला जिवाणूंचं फावतं. ते २० ते ४५ अंशांत वाढतात. मात्र ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, म्हणून थंड मिसळूनच वापरा.

प्रश्न : गरम पाण्याचा नळ बंद केला की भिंतीत धाडकन आवाज येतो. गीझर बिघडलाय का?

उत्तर : नाही. वाहतं पाणी एकदम अडलं की त्याचा धक्का पाइपला बसतो. एका दांडीचे नळ झटकन बंद होतात, म्हणून तिथे हे जास्त होतं. नळ सावकाश बंद करून बघा. सैल क्लिपा आवळा. तरीही थांबलं नाही तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा.

प्रश्न : गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो.

उत्तर : थंड पाण्यालाही येतो का, ते आधी तपासा, येत असेल तर दोष पाण्याच्या स्रोतात आहे. फक्त गरम पाण्यालाच येत असेल तर टाकीतले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि मॅग्नेशियमचा ॲनोड त्यांना हातभार लावतो. टाकी रिकामी करून धुवा. वास परत आला तर ॲल्युमिनियम-जस्ताचा ॲनोड घालायला सांगा. ॲनोड काढूनच टाका असं कोणी म्हणालं, तर दुसरा कारागीर शोधा.