समुद्र बघून शहर निवडू नका

मागच्या अंकात वालेन्सियात काढलेल्या माझ्या एका वर्षाबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर स्पेनला शिकायला जाण्याबद्दल इतके मेल आले की यावेळी इतर सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. ज्यांना पोर्तुगालबद्दल विचारायचं होतं त्यांनी माफ करा, मला तिथलं काही कळत नाही.

ताई, माझं बीए झालंय, स्पॅनिशची ए-टू लेव्हल (सहापैकी दुसरी पायरी) झालीये. वर्षभराच्या लँग्वेज कोर्सला स्पेनला जायचंय. क्लासमधले सगळे म्हणतात माद्रिद, पण मला समुद्राशिवाय करमत नाही. वालेन्सिया घेऊ की कादिस? (दादर)

समुद्राशिवाय करमत नाही हे मला सांगू नकोस, मी पण माहीमचीच. पण तिथे काय झालं ते ऐक. पहिल्याच संध्याकाळी मी ट्रामने मालवारोसा बीचवर गेले, वाळूत बूड टेकलं आणि सूर्यास्ताची वाट बघत बसले. सात वाजले, आठ वाजले, आणि सूर्य माझ्या पाठीमागे बिल्डिंगांच्या आड गेला. वालेन्सियाचा समुद्र पूर्वेला आहे हे मी नकाशात शंभर वेळा बघितलं होतं, पण डोक्यात समुद्र म्हणजे सूर्य बुडायची जागा हे इतकं फिट्ट बसलंय की सुचलंच नाही. दुसरं म्हणजे भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच, सकाळी पाणी जिथे तिथेच संध्याकाळी. आपल्याला चार-चार मीटरची भरती बघायची सवय, त्यामुळे मला तर तो समुद्र झोपल्यासारखाच वाटायचा. कादिस अटलांटिकवर आहे, तिथे भरती पण आहे आणि ला कालेताच्या बीचवर सूर्य नीट पाण्यात बुडतो, चिंचोळ्या जमिनीवर दाटीवाटीनं वसलेलं शहर, तुला घरच्यासारखं वाटेल.

तरी मी ए-टू वालीला कादिस सांगणार नाही. तिकडे अंदालुसियात शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळून टाकतात. ‘मास ओ मेनोस’ म्हणजे ‘साधारण, कमीजास्त’, ते कानावर ‘मा ओ मेनो’ असं येतं आणि येतं ते पण राजधानी एक्सप्रेसच्या स्पीडने. बी-टू झाल्यावर, म्हणजे अजून दोन पायऱ्या चढल्यावर जा, तेव्हा मजा येईल. वालेन्सियातलं स्पॅनिश कानाला सोपं पडतं, फक्त तिथे वालेन्सियन ही दुसरी भाषा पण ऑफिशियल आहे. कॅतलानचंच रूप ते. रस्त्याच्या पाटीवर ‘काये’ (म्हणजे रस्ता) ऐवजी ‘कारेर’ दिसलं की घाबरू नकोस, तू चुकीची भाषा शिकलेली नाहीस.

पण खरं सांगू का, शहर कुठलं यापेक्षा घरात कोण यावर सगळं ठरतं. पहिले तीन महिने मी दोन इंडियन मुलींबरोबर राहिले, एक पुण्याची, एक हैदराबादची, धमाल आली, रोज खिचडी, रोज पिक्चर, आणि स्पॅनिश जिथल्या तिथे. क्लासमध्ये चार तास शिकायचं आणि घरी येऊन वीस तास हिंदी बोलायचं. मग मी सत्तरीतल्या एका आजीच्या घरात रूम घेतली. ती दिवसभर एकच वाक्य ओरडायची, ‘आपागा ला लुथ’, लाइट बंद कर! ‘पागार ला लुथ’ म्हणजे लाइटचं बिल भरणं आणि ‘आपागार ला लुथ’ म्हणजे लाइट बंद करणं, आणि आजीचं म्हणणं असं की दुसरं वेळेवर केलंस तर पहिलं कमी करावं लागेल. मला आज्ञार्थ कुठल्याही पुस्तकाने शिकवला नाही, त्या लाइटच्या बटणाने शिकवला. तेव्हा माद्रिद की वालेन्सिया हा वाद सोड, आणि जिथे जाशील तिथे इंडियन लोकांच्या फ्लॅटमध्ये राहू नकोस, निदान पहिले सहा महिने तरी.

आमच्या वसईत पोर्तुगीज होते, आजी म्हणते आपल्या भाषेत त्यांचे पुष्कळ शब्द आहेत. स्पॅनिश शिकताना याचा काही उपयोग होतो का? (वसई)

होतो की! १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, शब्द राहिले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी, त्यामुळे आपला पगार तिकडे ‘पागार’ म्हणजे पैसे देणं म्हणून भेटतो, पाव ‘पान’ होऊन भेटतो, चावी ‘यावे’ होते, बटाट्याला स्पेनमध्ये ‘पाताता’ म्हणतात. शिवाय त-द ची त्यांची जागा दातांवर, आपल्यासारखीच, इंग्लिशवाल्यांना तिथेच घाम फुटतो. ‘तू’ला तू आणि ‘उस्तेद’ला तुम्ही, म्हणजे तेही शिकावं लागत नाही. लिंगं तर त्यांच्याकडे दोनच आहेत, आपण तीन सांभाळून मोठे झालोय.

मुलीला वालेन्सियात मास्टर्सला अ‍ॅडमिशन मिळाली. एजंट म्हणतो कागदपत्रं मी करतो, पण मागतोय दीड लाख. स्वतः केलं तर जमेल का? महिन्याला किती पैसे दाखवावे लागतात? (मुलुंड)

जमेल काका, न जमायला काय झालं, फक्त क्रम चुकवू नका. मी चुकवला होता म्हणून सांगते. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवावरून काढायचं, पण फार आधी काढून ठेवू नका, शिळं सर्टिफिकेट घेत नाहीत. डिग्रीला आधी राज्य सरकारचं अटेस्टेशन, मग दोन्हीला परराष्ट्र खात्याचं अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानावा म्हणून लागणारा शिक्का, आणि त्यानंतर स्पॅनिश भाषांतर, तेही मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडूनच. मी शहाणपणा करून आधी भाषांतर करून घेतलं आणि मग अपॉस्टिलला पाठवलं. मग कळलं की अपॉस्टिलच्या कागदाचंही भाषांतर लागतं. पुन्हा सगळं, पुन्हा पैसे, आणि बाबांनी त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं होतं.

पैशाचं म्हणाल तर स्पेन सरकारचा ‘इप्रेम’ नावाचा एक आकडा असतो, विद्यार्थ्याला महिन्याला तेवढे दाखवावे लागतात, २०२३ पासून तो ६०० युरो आहे. अर्ज करताना त्या वर्षाचा आकडा तपासा. युरो शंभरच्या आसपास धरला तर साठ हजार झाले, पण हा कागदावरचा आकडा, शहरात नीट रूम घेऊन राहायचं तर यात ओढाताण होते, थोडे जास्तच बाजूला ठेवा. हेल्थ इन्शुरन्स असा लागतो ज्यात डॉक्टरकडे गेल्यावर आपल्या खिशातून हिस्सा भरावा लागत नाही, ‘सिन कोपागो’ हे शब्द पॉलिसीत आहेत ना ते बघा (परत तो पगार आलाच). युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्यांना आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येतं, पण त्या भरवशावर फी ठरवू नका. पोचल्यावर एका महिन्याच्या आत फॉरेनर कार्डसाठी अर्ज करायचा, आणि त्याआधी महापालिकेत पत्ता नोंदवायचा. घरमालक ही नोंदणी करू देत नसेल तर ते घर सोडून द्या, कितीही छान असलं तरी.

अजून एक, हे एजंट सांगत नाही. विषय निवडताना तो कुठल्या भाषेत शिकवतात ते बघायला सांगा मुलीला. काही ग्रुप स्पॅनिशमध्ये असतात, काही वालेन्सियनमध्ये, आणि टाइमटेबल बरं दिसतंय म्हणून घेतलेला वर्ग वालेन्सियन निघाला की पहिल्या आठवड्यात पोरं रडकुंडीला येतात.

वालेन्सियात रूम बघतोय. एक खूप स्वस्त मिळतेय, तळमजला, शहराच्या दक्षिणेला नदीच्या पलीकडच्या गावात. मालक डिपॉझिट आधी मागतोय. घेऊ का? (बोरिवली)

नको. डिपॉझिटचं आधी सांगते, घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक युरो पाठवायचा नाही. माझे तीनशे युरो असेच गेले, फोटोत बाल्कनी होती, समुद्र होता, फक्त घरच नव्हतं.

आता तळमजल्याचं. वालेन्सियाची तुरिया नदी १९५७ च्या पुरात शहरात घुसली, मग त्यांनी नदीच उचलून दक्षिणेला नव्या पात्रात नेली आणि जुन्या पात्रात बाग केली, आज लोक तिथे जॉगिंग करतात, पूल तसेच वर उभे आहेत, खाली पाण्याऐवजी फुटबॉलची मैदानं. २९ ऑक्टोबर २०२४ ला त्याच नव्या पात्रामुळे मुख्य शहर वाचलं, पण पलीकडची पाइपोर्तासारखी गावं बुडाली, २२० हून जास्त माणसं गेली. आपण २६ जुलै बघितलेले, आपल्याला वाटतं पाऊस पडतोय म्हणजे पाणी चढणार, नाही पडत म्हणजे नाही चढणार. पाइपोर्तात त्या दिवशी फारसा पाऊसच नव्हता, पाणी वरच्या डोंगरातून ओढ्यातून आलं. मोबाइलवर सरकारी अलर्ट वाजला रात्री ८:११ ला, तोवर कित्येक घरांत पाणी शिरलं होतं, आणि बरेच लोक तळघरातल्या पार्किंगमधून गाडी काढायला गेले ते तिथेच अडकले.

त्या गावांत राहू नको असं मी म्हणत नाही, माणसं चांगली आहेत, मेट्रो आहे, भाडं कमी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर मिळत असेल तर खुशाल घे.

मुलगा शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. वर्षभर काय खाणार याची काळजी वाटते. पायेया म्हणजे आपला पुलावच ना? आणि कुकर बरोबर द्यावा का? (गिरगाव)

काकू, पायेयाला पुलाव वालेन्सियात बोलू देऊ नका त्याला, भांडण होईल. खरी वालेन्सियन पायेया म्हणजे भात, कोंबडी, ससा, हिरव्या शेंगा आणि मोठे पांढरे वाल, म्हणजे आपल्या मुलाच्या कामाची नाहीच. पण भाज्यांची मिळते. आणि कढईच्या तळाशी भात खरपूस लागतो त्याला ते ‘सोकारात’ म्हणतात आणि त्यासाठी चमच्यांची मारामारी होते, आपल्या खरपुडीला एवढा मान मी कुठे बघितला नव्हता.

बाहेर खाताना ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मांस म्हणजे त्यांच्या लेखी गाय-डुक्कर, हॅम वेगळं आणि मासे तर त्याहून वेगळे. मी ‘सिन कार्ने’ सांगून सॅलड मागवलं आणि त्यात ट्यूना निघाला. ट्यूनाला तिकडे ‘आतून’ म्हणतात आणि तो खरंच सॅलडच्या आतूनच निघतो. मुलाने सगळं एकेक करून सांगायचं, नी कार्ने, नी खामोन, नी पेस्कादो, नी आतून, नी ऊएवो, म्हणजे मांस नको, हॅम नको, मासे नको, ट्यूना नको, अंडं नको. मसूरची आमटी छान मिळते पण त्यात बहुतेक वेळा डुकराचं सॉसेज असतं, विचारल्याशिवाय घेऊ नये. टोमॅटो चोळलेला पाव, आणि उन्हाळ्यात थंडगार ओर्चाता, ती चुफा नावाच्या छोट्या कंदापासून करतात, दिसते दुधासारखी पण दूध नसतं. घरी स्वयंपाक करणार असेल तर मसूर, छोले, तांदूळ कुठल्याही सुपरमार्केटात. हळद-हिंग मात्र द्या.

कुकर देऊ नका, उगीच वजन. तिकडे मिळतो, ‘ओया एक्सप्रेस’ म्हणून. फक्त त्याला सांगून ठेवा की माझ्या वालेन्सियातल्या घरमालकीण आजीकडचा तरी आपल्यासारखी शिट्टी करायचा नाही, सारखा फुसफुसत राहायचा. मी पहिल्यांदा वरण लावलं तेव्हा तीन शिट्ट्या होईपर्यंत थांबायचं म्हणून पाऊण तास थांबले होते.