बी.एड.ची शिष्यवृत्ती प्रवेशाआधीच ठरते

“शिक्षक व्हायचंय अशा मुलांसाठी वेगळी शिष्यवृत्ती असते का हो?” पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुलं आणि त्यांचे पालक मला सर्वांत जास्त वेळा हेच विचारतात. इंटरनेटवर ‘शिक्षक शिष्यवृत्ती’ असं शोधून, हाती काही न लागल्यावर ते येतात. तोवर त्यांनी मनात धरलेलं असतं की आपल्यासाठी काही नाही, कर्ज काढावं लागणार. या प्रश्नाचं उत्तर मी एका मुलीच्या प्रकरणातून देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला, गणित विषय. वडिलांची थोडी जिरायत जमीन, दोन म्हशी, डेअरीला दूध घालून घर चालतं. इतर मागास प्रवर्गातलं कुटुंब. नोव्हेंबरात आई, वडील आणि ती असे तिघंही आले. वडिलांनी बसल्या बसल्या सांगितलं, “मॅडम, लेकीला मास्तरीण व्हायचंय. एका माणसानं सांगितलंय, सीईटी नको, काही नको, थेट ॲडमिशन करून देतो. रोज जायलाही लागत नाही म्हणे. पैसे तेवढे एकरकमी द्यायचे.” आईने गळ्यातल्या डोरल्याला हात लावला आणि म्हणाली, “हे गहाण ठेवू. लेकीच्या शिक्षणापुढं काय त्याचं.”

साताऱ्यात हे वाक्य ऐकलं की लक्ष्मीबाई पाटील आठवतातच. कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्र मोडलं, ही गोष्ट इथल्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते. मी त्या माउलीला म्हटलं, “वहिनी, तेव्हा त्या मुलांसाठी सरकारची योजना नव्हती. आता आहे. डोरलं राहू द्या.”

महाराष्ट्रात बी.एड. करणाऱ्या बहुतेक मुलांना मिळणारा पैसा ‘शिक्षक’ या नावाने येत नाही. बी.एड. हा व्यावसायिक अभ्यासक्रम धरला जातो, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या ज्या योजना महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर आहेत त्यांतूनच तो मिळतो. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम. मुलींच्या बाबतीत तर चित्रच बदललं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, २०२४-२५ या वर्षापासून, इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं.

मात्र एक अट आहे, आणि या कुटुंबाचा सगळा प्रश्न त्या अटीपाशीच अडला होता. प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर परस्पर घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. त्या ‘माणसा’ने सांगितलेल्या वाटेने ती गेली असती, तर डोरलं गेलं असतं आणि शंभर टक्के माफीचा हक्कही गेला असता, पहिल्याच दिवशी. म्हणून मी सगळ्यांना सांगते की शिष्यवृत्तीचा निर्णय पोर्टलवर अर्ज भरताना होत नाही. आपण प्रवेश कुठल्या दाराने घेतो तिथेच तो होऊन जातो.

‘रोज जायला लागत नाही’ या आमिषाबद्दल मी वडिलांशी जरा कडक बोलले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांनुसार बी.एड.ला वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या छात्रसेवाकाळात, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावात, ९० टक्के उपस्थिती लागते. ज्या मुलीने कधी फळ्यासमोर उभं राहून चाळीस पोरांना अपूर्णांक शिकवलेच नाहीत, तिच्या हातात नुसतं प्रमाणपत्र देऊन काय करायचं? तिला हे पटायला वेळ लागला नाही. तिला शिकवायचंच होतं.

मग कागदपत्रांचा विषय निघाला, आणि खरी अडचण तिथे सापडली. जातीचा दाखला होता. जात पडताळणी नव्हती. बी.एस्सी.ला कुणी मागितली नव्हती, त्यामुळे घरात कुणाला तिची आठवणही नव्हती. राखीव जागेवरून व्यावसायिक प्रवेश घ्यायचा तर पडताळणी लागते, आणि जिल्हा समितीकडे प्रकरण कधी कधी महिनोन्‌महिने चालतं. इतर मागास प्रवर्गासाठी कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून महाराष्ट्रात होतं आणि जात तीच होती, याचा पुरावा द्यावा लागतो. वडिलांचा शाळेचा दाखला त्या तारखेनंतरचा. आजोबा वारलेले, आणि ते शाळेत गेले होते की नाही हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. “आमचा बा शाळेत कुठला जातोय,” असं वडील म्हणत होते. तरी मी त्यांना गावच्या जिल्हा परिषद शाळेत पाठवलं, जुनं जनरल रजिस्टर पाहायला. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुन्या वह्या काढल्या. आजोबांनी दुसरीत शाळा सोडली होती, पण नाव नोंदलेलं होतं, जातीसकट. त्या नोंदीच्या उताऱ्यावर पडताळणीचा अर्ज डिसेंबरात दाखल झाला आणि प्रवेशप्रक्रिया सुरू व्हायच्या आत प्रमाणपत्र हातात आलं. हाच अर्ज प्रवेशाच्या तोंडावर, जूनमध्ये केला असता तर ते वेळेत आलं नसतं.

मी मुलांना दिवाळीनंतर लगेच या म्हणते, ते यासाठी. बी.एड.ची सीईटी साधारण मार्चमध्ये असते आणि तिचे अर्ज त्याआधीच भरायचे असतात. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे कुटुंब सधन गटात मोडत नाही याचा दाखला, यांची गोष्ट उलटी आहे. त्यांची मुदत आर्थिक वर्षाला बांधलेली, ३१ मार्चला संपते, म्हणून ते एप्रिल उजाडल्यावर नव्याने काढायचे. मे संपता संपता सेतू केंद्रावर रांगा लागतात. बँक खातं आधारशी नुसतं लिंक असून चालत नाही, थेट लाभाचे पैसे त्याच खात्यात येतील असं जोडलेलं आहे ना, हे बँकेत जाऊन विचारायचं. मंजूर झालेले पैसे केवळ यामुळे अडकलेले मी पाहिले आहेत.

तिला सीईटीत बरे गुण मिळाले आणि कॅपच्या दुसऱ्या फेरीत जिल्ह्याच्या ठिकाणी एका विनाअनुदानित महाविद्यालयात जागा मिळाली. प्रवेशाच्या दिवशी कार्यालयातून सांगण्यात आलं, “आधी पूर्ण फी भरा, सरकारकडून आली की परत करू.” वडिलांचा मला फोन आला तेव्हा ते सावकाराकडे जाण्याच्या बेतात होते. माफीस पात्र मुलींकडून ही रक्कम आगाऊ घेऊ नये, असं सरकारने महाविद्यालयांना बजावलेलं आहे. मी तिला प्राचार्यांच्या नावे एक पानी अर्ज लिहायला लावला, सोबत शासन निर्णयाची प्रत आणि महाडीबीटीवर वेळेत अर्ज करण्याचं हमीपत्र. प्राचार्यांनी ऐकलं. भांडण करावं लागलं नाही. बऱ्याचदा अडचण कार्यालयाच्या सवयीत असते, आणि लेखी कागद समोर आला की ती सुटते.

‘१०० टक्के माफी’ म्हणजे खर्च शून्य असं मात्र धरू नका. माफी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काला आहे. अनामत, गणवेश, पाठ टाचणाच्या वह्या, शैक्षणिक साधनं, प्रवास हे सगळं घरातूनच जातं. तिचा मोठा खर्च राहण्याजेवणाचा होता. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही. इतर मागास आणि भटक्या विमुक्त विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृह न मिळालेल्यांना ती निर्वाहासाठी रक्कम देते, पण जिल्ह्याला ठरावीकच विद्यार्थी घेतले जातात. पहिल्या वर्षी तिचं नाव यादीत आलं नाही. तिघी मुलींनी मिळून खोली घेतली आणि शनिवार-रविवारी ती दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी अशीच स्वाधार योजना आणि आदिवासी मुलांसाठी स्वयं योजना आहे. अर्ज जरूर करा, पण वर्षाचा हिशेब त्या पैशांवर मांडू नका. मंजूर झाले तरी ते उशिरा येतात.

वडिलांचा शेवटचा प्रश्न फीचा नव्हताच. “एवढं करून नोकरी लागंल का?” मी गोड बोलले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर नुसत्या बी.एड.वर पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही. तिच्यासाठी सहावीपासूनचे वर्ग आहेत. सहावी ते आठवीला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा हवी, शिवाय अभियोग्यता चाचणी, मग सरकारच्या ‘पवित्र’ या शिक्षक भरती पोर्टलवरून भरती, आणि ती दरवर्षी निघतेच असं नाही. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक: २०२३ पासून प्राथमिकला महिना १६ हजार, माध्यमिकला १८ हजार मानधन. या आकड्यांतून कर्ज फेडायचं म्हटलं तर उमेदीची वर्षं त्यातच जातात. माझं ठाम मत आहे, बी.एड. कर्ज न काढता होत असेल तर करावं. गणित-विज्ञानाची मुलगी असेल तर नक्कीच. थेट प्रवेशासाठी सोनं गहाण टाकून करू नये.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. महाडीबीटीवर नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी भरावा लागतो, तो तिने पोर्टल उघडल्याच्या आठवड्यातच भरला. महाविद्यालयाने त्रुटी काढून परत पाठवला तर कळावं म्हणून ती अर्जाची स्थिती अधूनमधून बघते. धाकटी बहीण बारावीला आहे, तिलाही शिक्षिकाच व्हायचंय. तिच्यासाठी चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आहे, बी.एस्सी.-बी.एड. एकत्र, एनसीईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. त्यात एक वर्ष वाचतं. बारावीत मंडळाच्या वरच्या वीस टक्क्यांत आली आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलं, तर केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी ती पात्र ठरेल. निवड झाली तर पहिली तीन वर्षं दरसाल १२ हजार मिळतात. तिचा पडताळणीचा अर्ज वडिलांनी या दिवाळीनंतर स्वतःच भरला. थोरलीचं प्रमाणपत्र जोडल्याने आजोबांची वही पुन्हा शोधावी लागली नाही.