वाचकांचे प्रश्न : वाढत्या खर्चावर नजर कुणाची?

प्रश्न : मुंबईच्या मेट्रो-३चा खर्च २३,१३६ कोटींवरून ३७,२७६ कोटींवर गेला. अशा प्रकल्पांवर सरकारी देखरेख असते का? आम्ही काय विचारावं?

उत्तर : असते, पण बरीचशी उशिरा. १५० कोटी आणि त्याहून मोठ्या केंद्रीय प्रकल्पांचा मासिक अहवाल सांख्यिकी मंत्रालय काढतं. त्यात पहिली मुदत बघा. सुधारित मुदतीशी तुलना केली की उशीर कागदावरून गायबच होतो! ‘कॅग’ची, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेची तपासणी बहुतेकदा पैसा खर्च झाल्यावर. माहिती अधिकारात ‘प्रगती कळवा’ असं मोघम लिहू नका. सुधारित खर्चाच्या मंजुरीची टिपणी, जादा कामांचे आदेश, मुदतवाढीची पत्रं मागा. राज्याच्या कार्यालयात अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांत, शुल्क १० रुपये. ३० दिवसांत उत्तर नाही, तर पहिलं अपील.