वाचक विचारतात : घरातली कोळशाची भट्टी, बदल आणि देखभाल

प्रश्न : आमची भट्टी मुळात लाकडाची आहे. दगडी कोळसा टाकला की वरवर लाल होतो आणि तासाभरात विझून जातो. खाली जाळी बसवून घेतली तर चालेल का?

उत्तर : विझण्याचं कारण तुमच्या प्रश्नातच आहे, जाळी नाहीये. लाकूड तापलं की त्यातला बराचसा भाग वायू होऊन वरच्या वर जळतो, त्यामुळे त्याला वरून किंवा समोरून हवा मिळाली तरी भागतं, राखेच्या गादीवरसुद्धा ते मस्त जळतं. कोळशाचं तसं नाही. अँथ्रासाइट म्हणजे जो कडक, चकाकणारा, धूर न करणारा कोळसा असतो त्यात 86 टक्क्यांच्या वर नुसता कार्बन असतो, तो जागच्या जागी जळतो आणि त्याला हवा खालूनच, थराच्या आरपार जावी लागते. बाजूने जाऊन उपयोग नाही.

म्हणून नुसती जाळी टाकून काम होत नाही. जाळी आणि भट्टीची भिंत यात बोटभर फट राहिली तरी हवा तिथूनच पळते, कारण तिला सोपी वाट मिळते, मग मधला कोळसा काळाच राहतो. जाळी बीडाची आणि बाहेरून हलवता येणारी हवी, खाली राखेचा ट्रे हवा, त्याचं दार घट्ट बसणारं आणि त्यावर हवेची झडप, आणि कोळशाचा थर किमान 15-20 सेंटीमीटर राहील एवढी खोली हवी. वर चारी बाजूंनी फायर ब्रिकचं अस्तर, कारण कोळशाची धग एकाच जागी तासन्‌तास राहते आणि साधा पत्रा ती सहन करत नाही. हे सगळं तुमच्या भट्टीत बसत असेल आणि बनवणाऱ्या कंपनीने कोळशाला परवानगी दिली असेल तरच हात घाला. भट्टीवर फक्त लाकडासाठी असं लिहिलं असेल तर माझं स्पष्ट मत, वेल्डिंगवर खर्च करू नका, दोन्ही इंधनांसाठी बनवलेली भट्टी घ्या. आणि चिमणीही तपासून घ्या, कोळशाच्या धुरातलं गंधक पातळ स्टीलचे पाइप आतून खातं.

प्रश्न : रात्रभर धग टिकावी म्हणून चिमणीच्या पाइपात लोखंडी झडप लावली आहे आणि झोपताना ती जवळजवळ बंद करतो. कोळसा सकाळपर्यंत टिकतो, पण हल्ली उठल्यावर घरात सगळ्यांचं डोकं जड असतं. कोळसा खराब आला असेल का?

उत्तर : कोळशाला दोष देऊ नका. आज रात्री ती झडप बंद करू नका, खरं तर भट्टीच पेटवू नका, आणि आधी सगळ्यांना डॉक्टरकडे घेऊन जा, त्यांना कोळशाची भट्टी आहे आणि झडप बंद होती हे आवर्जून सांगा. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखतंय आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय, ही कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची अगदी ठळक खूण आहे. त्याला वास नाही, रंग नाही, त्यामुळे खिडकीशी जाऊन नाकाने अंदाज घेणं वगैरे काही कामाचं नाही.

आत काय होतं ते सांगतो. जाळीजवळ हवा भरपूर असते, तिथे कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड होतो, तो वर चढताना लाल निखाऱ्यांच्या जाड थरातून जातो आणि तिथे परत कार्बनशी मिळून त्याचा मोनॉक्साइड होतो. हे प्रत्येक कोळशाच्या भट्टीत होतंच. थराच्या वर ज्या छोट्या निळ्या ज्वाळा नाचताना दिसतात तो हाच मोनॉक्साइड जळत असतो, त्यासाठी त्याला वरून थोडी ताजी हवा आणि साधारण 600 डिग्रीच्या वरचं तापमान लागतं. निळी ज्वाळा गेली म्हणजे वायू गेला असं समजू नका, तो न जळता निघतोय, आणि तेव्हा त्याला बाहेर न्यायला फक्त चिमणीची ओढ असते. तुम्ही नेमकी तीच बंद करताय.

आग कमी करायची ती खालची हवा कमी करून, वरची वाट अडवून नाही. राखेच्या दाराची झडप थोडी थोडी मिटवत जा, प्रत्येक बदलानंतर अर्धा तास थांबून बघा, कारण कोळसा सावकाश ऐकतो. चिमणीची ओढ वाऱ्याने वर-खाली होत असेल तर त्यासाठी वजनावर झुलणारी झडप मिळते, ती धुराची वाट बंद करत नाही, ओढ जास्त झाली की खोलीतली थोडी हवा पाइपात घेते आणि ओढ स्थिर ठेवते. हाताने कोळसा घालायच्या बऱ्याच अँथ्रासाइट भट्ट्यांना 10 ते 15 पास्कल ओढ पुरते, ती मॅनोमीटर म्हणजे दाब मोजायचं साधन लावून मोजायची, नेमका आकडा तुमच्या भट्टीच्या पुस्तिकेत बघा.

आणि मोनॉक्साइडचा अलार्म. झोपायच्या खोल्यांजवळ एक आणि भट्टी आहे त्या मजल्यावर एक, हे नसेल तर बाकीच्या सगळ्या सुधारणा बाजूला ठेवा. तो वाजला की आधी सगळे बाहेर, मग मदतीसाठी फोन. खिडक्या बंद असलेल्या घरात स्वयंपाकघराचा मोठा एक्झॉस्ट चालू केला तर तो चिमणीतूनच हवा उलटी खेचू शकतो, त्यामुळे भट्टीसाठी बाहेरून हवा यायची वेगळी वाट असलेली उत्तम.

प्रश्न : ताजा कोळसा टाकल्यावर काही मिनिटांनी आत धप्प असा आवाज होतो, एकदा तर दार उघडून धूर खोलीत आला.

उत्तर : तुम्ही सगळे निखारे झाकून टाकताय. ताज्या कोळशातून निघणारा वायू वर साठतो, त्याला पेटवायला काही नसतं, मग एखादी ज्वाळा वर आली की सगळा एकदम पेटतो. धूर करणाऱ्या कोळशात हे जास्त होतं कारण त्यातून वायूच जास्त निघतो. निखारे एका बाजूला ओढा, कोळसा दुसऱ्या बाजूला टाका आणि लाल भाग नेहमी उघडा दिसत राहील असं ठेवा. कोळसा घालायच्या दारावर हवेच्या बारीक फटी असतात त्या टाकल्यानंतर काही वेळ उघड्या ठेवायच्या. दार उघडतानाही एकदम ओढू नका, आधी बोटभर उघडून क्षणभर थांबा.

प्रश्न : खालून ब्लोअर बसवलाय. घर पटकन तापतं पण राखेचे दगडासारखे गोळे होतात आणि जाळीची एक पट्टी वाकली. ब्लोअर काढू का?

उत्तर : ते गोळे म्हणजे क्लिंकर, राख वितळून गोठलेली. जास्त हवा, जास्त तापमान, राख मऊ झाली की चिकटते. त्यात वरून सळईने ढवळायची सवय असेल तर ती आधी सोडा, ढवळल्याने राख परत सगळ्यात गरम भागात जाते. जाळी खालूनच हलवायची, थोड्या छोट्या झटक्यांनी, आणि ट्रेमध्ये लाल ठिणग्या पडायला लागल्या की थांबायचं. जाळीवर दोनेक सेंटीमीटर राख राहिलेली चांगली, ती जाळीला वाचवते.

पट्टी वाकण्याचं कारण मात्र बहुतेक ट्रे असेल. जाळी खालून येणाऱ्या हवेनेच थंड राहते. राख जाळीपर्यंत चढली की ही थंड हवा बंद आणि वर निखारे, मग बीडसुद्धा वाकतं. ट्रे रोज रिकामा करा म्हणजे करा.

ब्लोअरबद्दल मला जास्त काळजी दुसरीच आहे. चिमणीच्या ओढीवर चालणाऱ्या भट्टीत आतला दाब खोलीपेक्षा कमी असतो, फट असली तरी हवा आत जाते. ब्लोअर जोरात लावला की दाब उलटा होतो आणि प्रत्येक फटीतून वायू बाहेर खोलीत येतो. म्हणून भट्टी त्यासाठी बनवलेली नसेल तर काढाच. बनवलेली असेल तर थर्मोस्टॅट, जास्त तापलं की ब्लोअर बंद करणारा स्विच, आणि हवा मर्यादित ठेवणारी झडप हे तिन्ही हवेत. पाणी तापवणारी भट्टी असेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून बूच मारणारे लोक असतात, कृपा करून तसं कधीही करू नका.

प्रश्न : सगळं नीट ठेवलं तर तब्येतीला धोका नाही ना?

उत्तर : कमी होतो, संपत नाही. घरात कोळसा जाळल्याने होणाऱ्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या गटात टाकलंय आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये प्रक्रिया न केलेला कोळसा घरात इंधन म्हणून वापरू नये असंच सांगितलं. दुसरा पर्याय परवडत असेल तर मी तोच घ्या म्हणेन, विशेषतः घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर.

प्रश्न : थंडी संपल्यावर भट्टी तशीच बंद ठेवली तर काय बिघडतं?

उत्तर : सगळ्यात जास्त भट्ट्या जळून नाही, अशाच बंद राहून गंजून जातात. राखेत गंधक असतं, दमट हवेत त्याचं आम्ल होतं आणि ते पत्रा खात बसतं. शेवटची आग विझली, पूर्ण थंड झाली की त्याच आठवड्यात साफ करा. धुराचा पाइप काढा, कोपऱ्यात आणि आडव्या भागात बारीक राख साठलेली असते, अँथ्रासाइटला काजळी होत नाही म्हणून लोक तिकडे बघतच नाहीत आणि पाइप अर्धा बुजलेला असतो. ब्रशने सगळं काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आतून पुसा, चांगलं वाळू द्या, मग पत्र्याला तेलाचा पातळ हात. चिमणीचं तोंड पावसापासून झाका, फक्त पुन्हा पेटवायच्या आधी ते उघडलंय हे बघा.

दाराची दोरी म्हणजे गॅसकेट तपासायला कागदाची पट्टी दारात धरून बंद करा, सहज ओढली गेली तर दोरी बदला. विटांना तडा असेल तर आत्ताच भरा. राख घरच्या व्हॅक्यूमने ओढू नका, बारीक राख फिल्टरमधून परत खोलीत येते. ती झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर, कमीत कमी काही दिवस ठेवा कारण आतला निखारा फार काळ जिवंत राहतो. भाजीच्या वाफ्यात मात्र ती टाकायची नाही, लाकडाच्या राखेसारखी ती खत नाहीये, तिच्यात आर्सेनिकसारखी विषारी द्रव्यं असू शकतात.