पुराव्यासह लेखन शिकवताना: नव्या विज्ञान शिक्षकांसाठी

आपण यंदाच विज्ञान शिकवू लागला आहात, म्हणून आवर्जून सुचवतो की पुराव्यावर आधारित लेखनाची सुरुवात मुलांच्या ओळखीच्या वस्तूपासून करावी. सांगलीत ती वस्तू हळद आहे. हळदीने रंगवलेला कागद साबणाच्या पाण्यात बुडवला की लालसर होतो, लिंबाच्या रसात मात्र पिवळाच राहतो.

यावर मुलांकडून दावा, पुरावा आणि त्या दोहोंना जोडणारा तर्क लिहून घ्यावा. पहिल्या दोन गोष्टी लवकर जमतात. अडते ते तर्कापाशी. माझ्या वर्गातील एका मुलीने लिहिले होते, "कागद पिवळा राहिला, म्हणून हा द्रव आम्ल आहे." वाटीत लिंबाचा रसच असल्याने दावा बरोबर होता, तरीही मी तर्काचे गुण दिले नाहीत आणि तिला तोच प्रयोग साध्या पाण्यात करायला सांगितला. तिथेही कागद पिवळाच राहिला, तेव्हा हळद आम्ल आणि उदासीन द्रव यांतला फरक दाखवत नाही, हे तिचे तिलाच उमगले आणि तिने निळा लिटमस कागद मागितला. तो क्षण मला फार मोलाचा वाटतो.

तपासताना ५ गुणांपैकी दाव्याला १, पुराव्याला २ आणि तर्काला २ द्यावेत. पुस्तकातली व्याख्या उतरवून काढली असेल, तर ती कितीही सुवाच्य असली तरी पुरावा मानू नये. वहीच्या समासात "हे तुला कशावरून कळले?" असा प्रश्न लिहावा आणि त्याचे उत्तर लिहिण्यासाठी पुढच्या तासाची १० मिनिटे राखून ठेवावीत.