ड्रेसिंग रूममध्ये आयलंड बसेल का? आणि इतर प्रश्न

पुण्यातल्या नव्या फ्लॅटमधली १० बाय ८ फुटांची खोली आम्ही ड्रेसिंग रूम करतोय. दोन्ही लांब भिंतींना कपाटं आणि मधोमध दागिन्यांच्या ड्रॉवरचं काचेचं आयलंड (चारही बाजूंनी मोकळा ओटा), अशी कल्पना आहे. सुतार म्हणतो बसेल, पण आम्हाला शंका आहे.

शंका बरोबर आहे. ८ फूट म्हणजे ९६ इंच. हँगर आडवा राहायला कपाटाची खोली २४ इंच लागते, म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून ४८ इंच गेली. उरलेल्या ४८ इंचांत २० इंचांचं आयलंड ठेवलं तर दोन्हीकडे १४-१४ इंच राहतील. तिथून माणूस तिरकाच जाईल आणि कपाटाचं दार तर उघडणारच नाही. दोन्हीकडे कपाटं आणि मध्ये आयलंड हवं असेल तर खोली किमान १२ फूट रुंद लागते: ४८ कपाटांचे, २४ आयलंडचे आणि दोन्ही बाजूंना ३६-३६ इंच वाट.

तुमच्या खोलीत आयलंडचं काम भिंतीवर करून घ्या. एका बाजूच्या कपाटांच्या रांगेत मधले ४ फूट मोकळे सोडा. तिथे ३४ इंच उंचीचा, २० इंच खोल ओटा करा आणि वर आरसा लावा. ओट्याला काचेचा टॉप देऊन त्याखालचा पहिला ड्रॉवर आतून फक्त ३ ते ४ इंच उंचीचा ठेवला, की दागिने वरूनच दिसतात. ड्रॉवर पूर्ण ओढला तरी समोर ३२ इंच उरतात, उभं राहायला तेवढे पुरतात.

आतली मांडणी ठरवण्याआधी कपडे मोजा. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. दांडीवर साधा शर्ट सव्वा इंच जागा घेतो, जड शेरवानी किंवा लेहंगा ३ ते ४ इंच. म्हणजे ३ फुटांच्या दांडीवर शर्ट २८ बसतील, लेहंगे मात्र दहाच्या आसपास. शर्ट, आखूड कुर्ते आणि घडी घातलेल्या पँटसाठी दांड्या दोन मजली करा, कपाटाच्या तळापासून ४० आणि ८० इंचांवर. गाऊन, अनारकली यांना सलग ६२ ते ६५ इंच मोकळे लागतात. दांडी आणि वरचा कप्पा यांत अडीच इंच सोडा, नाहीतर हँगरचा हूक उचलून काढता येत नाही. ३ फुटांपेक्षा लांब दांडीला मध्ये आधार द्या. १८ मिमी प्लायचा कप्पाही ३ फुटांपुढे कपड्यांच्या वजनाने झोळ खातो, त्यामुळे अडीच फुटांवरच उभी पट्टी घ्या.

मापं प्लास्टर झाल्यावर, खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी घ्या. भिंत ओळंब्यात नसते. नकाशातले ८ फूट हातात दीड-दोन इंचांनी कमी आले तर ते वाटेतूनच जातात.

आमचं घर रत्नागिरीत आहे. पावसाळ्यात कपाटात बुरशी येते. नव्या ड्रेसिंग रूममध्ये आईच्या पैठण्याही ठेवायच्या आहेत. काय काळजी घ्यावी?

आधी ओल कुठून येते ते ओळखा. भिंतीवर २ फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. पाणी कागदाच्या मागे, भिंतीच्या बाजूला साचलं असेल तर भिंत पाझरते आहे. ते बाहेरून दुरुस्त होईपर्यंत तिथे कपाट लावूच नका. पाणी कागदाच्या पुढच्या बाजूला असेल तर दोष खोलीतल्या दमट हवेचा.

ज्या भिंतीवर पावसाचा मारा बसतो ती कपाटाला टाळा. पर्यायच नसेल तर पाठीमागे २ इंच पोकळी ठेवून खाली-वर हवेला भोकं द्या. सांगाड्याला आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लायच घ्या. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) ओलीने फुगतो आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. प्लायच्या दोन्ही अंगांना मायका हवा. बाहेर मायका आणि आत नुसता रंग असेल तर दोन्ही अंगं ओल सारखी शोषत नाहीत आणि दार वाकतं. दोष बिजागरीला दिला जातो, पण स्क्रू कितीही फिरवले तरी वाकलेलं दार सरळ होत नाही. कापलेल्या कडा, न दिसणाऱ्यासुद्धा, पट्टीने किंवा प्रायमरने बंद करा. सांगाडा ४ इंचांच्या पीव्हीसी पायांवर उभा करा, म्हणजे लादी पुसतानाचं पाणी प्लायला लागत नाही.

खोलीत आर्द्रतामापक ठेवा. आकडा ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिला तर बुरशीला वाव मिळत नाही. त्यासाठी एसीचा ड्राय मोड किंवा डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) लागेल, आणि तो चालू असताना खिडकी बंद हवी. डिह्युमिडिफायरची नळी थेट मोरीत सोडण्याची सोय आताच करा, रोज टाकी रिकामी करायचा कंटाळा येतो. खोली बाथरूमला जोडलेली असेल तर आंघोळीनंतर २० मिनिटं एक्झॉस्ट चालू आणि मधलं दार बंद. कपाटात बल्ब पेटता ठेवायचा जुना उपाय मात्र नको. कपड्याला टेकला तर आग लागते.

पैठणी हँगरला लावू नका. जरीचं वजन एकाच रेषेवर येऊन रेशीम तिथेच विरतं. ५-६ इंच उंचीचे उथळ ट्रे करा, एकात तीन-चारच साड्या ठेवा. प्रत्येक साडी धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळा, कारण खळीवर कसर येते. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळवंडते. दर तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला.

आरशात रंग एक दिसतो, बाहेर दुसरा. शिवाय जुन्या आरशाच्या कडेला काळे डाग पडलेत.

डोक्यावरचा दिवा डोळ्यांखाली आणि नाकाखाली सावली पाडतो. आरशाच्या दोन्ही बाजूंना उभे दिवे लावा, मध्य जमिनीपासून ५ फुटांवर. ४००० केल्विन (उजेडाची छटा) आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वर, हे दोन आकडे खोक्यावर वाचूनच घ्या. स्वस्त एलईडी पट्टीत लाल आणि मरून रंग मंद दिसतात. कपाटातली एलईडी पट्टी २४ व्होल्टची घ्या. ५ मीटरपुढे एकाच टोकाने वीज दिली तर शेवट फिका पडतो. एकूण वॅटच्या सव्वापट क्षमतेचा ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारा डबा) लावा, आणि तो हात पोचेल अशा हवेशीर जागी ठेवा. बंद लॉफ्टमध्ये तो तापून लवकर जातो.

डाग बहुधा आरसा चिकटवायच्या सिलिकॉनचे आहेत. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशामागचं चांदीचं अस्तर खातं. न्यूट्रल सिलिकॉन मागा.

सरकती दारं घ्यावीत की उघडणारी?

समोर ३ फूट वाट असेल तर उघडणारी. सरकत्या दारांच्या रुळाला ३ इंच जास्त खोली जाते आणि कपाटाचा निम्माच भाग एका वेळी दिसतो. काचेची दारं हवी असतील तर ५ मिमी टफन्ड (तापवून कडक केलेली) काच अॅल्युमिनियम चौकटीत घ्या. मूठ आणि बिजागरीची भोकं टफन करण्याआधीच पाडून घ्यावी लागतात. नंतर ड्रिल लावलं की काचेचा चुरा होतो.