बोअर किती घ्यायचे, हे कोण ठरवणार?

प्रश्न : मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात राहते. समाजशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, तीन वर्षं एनएसएसमध्ये होते. हवामान बदलावर काम करायचंय. पण सगळे म्हणतात, ते सायन्सवाल्यांचं काम. 'क्लायमेट लीडरशिप'चा सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स दिसलाय, फी 45 हजार. वडील म्हणतात, एमपीएससी कर. काय करू?

उत्तर : आधी कोर्सचं. पैसे भरू नकोस. नेतृत्वाचं सर्टिफिकेट बघून कुणी नोकरी दिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यातली कामाची कल्पना मी इथे फुकट सांगतो.

हार्वर्डमध्ये नेतृत्व शिकवणारे रोनाल्ड हायफेट्झ प्रश्नांचे दोन प्रकार करतात. एक, जाणकार माणूस आला की सुटणारे. दुसरे, ज्यात लोकांनाच सवयी बदलाव्या लागतात, काहीतरी सोडावं लागतं. तुमच्या शेतातली मोटर जळली तर मिस्त्री येतो, बांधून देतो, संपलं. पण गावात बोअर किती घ्यायचे, हे मिस्त्री सांगू शकत नाही आणि भूजलशास्त्रज्ञही एकटा ठरवू शकत नाही. पाऊस लहरी झाला, दोन पावसांतला खंड वाढला, की गावोगावी दुसऱ्या प्रकारचे प्रश्न उभे राहतात. तिथे समाजशास्त्र शिकलेली मुलगी कमी पडते असं कुणी सांगितलं?

अहिल्यानगर जिल्ह्यातलं, दुष्काळातून सावरलेलं हिवरे बाजार घे. एम.कॉम. झालेले पोपटराव पवार 1989 मध्ये तिथे सरपंच झाले. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक सहलीला जातात, बंधारे आणि झाडं बघून परत येतात. खरी गोष्ट बंधाऱ्यात नाही. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, हे गावाने ग्रामसभेत स्वतःवर घालून घेतलं. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि पाणी किती आहे ते बघून पिकं ठरवायची. चराईबंदी म्हणजे शेळ्यावाल्याच्या पोटावर पाय. त्याला डोंगरावर शेळ्या नेऊ नको सांगायचं, गवत कापून ने म्हणायचं, आणि तरी त्याने ग्रामसभेत येऊन बसावं, ही खरी कसोटी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच अभ्यासासाठी : सामाईक पाणी, कुरण, जंगल वापरणारेच नियम करतात आणि नियमावर लक्षही ठेवतात, तिथे ते टिकू शकतं.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. कॉलेजच्या शिबिरात आम्ही एका माळावर दोनशे रोपं लावली, फोटो काढले, भाषणं झाली. पुढच्या मे महिन्यात गेलो तर खड्डेच होते. पाणी कोण घालणार, हे आम्ही गावाला विचारलंच नव्हतं.

आता मार्ग. निकालानंतर एक वर्ष फील्डवर काढ. पाणलोटात काम करणाऱ्या वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट), बाएफ, पाणी फाउंडेशन अशा संस्थांच्या जागांवर नजर ठेव. पगार सुरुवातीला बेताचाच, हे घरी आधीच सांगून टाक. एखादं हातचं तंत्र मात्र हवंच. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते शीक. आणि ताळेबंदाचं गणित : 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. हजार हेक्टरच्या गावावर 500 मिलिमीटर पडला तर किती? पाचशे कोटी लिटर. त्यातलं किती वाहून जातं, किती उडून जातं, किती मुरतं आणि कुणाच्या विहिरीत जातं, हा पुढचा हिशेब. याला बीएस्सी लागत नाही.

त्यानंतर एमए. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा तुळजापूर कॅम्पस तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात घरची परिस्थिती बघून शिष्यवृत्ती मिळते. मुलाखतीत तुझ्या वर्षभराच्या अनुभवाला वजन येईल. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री फेलोशिपच्या जाहिरातींतही पदवीला 60 टक्के आणि एक वर्षाचा अनुभव अशा अटी असतात, त्या नीट वाचून ठेव.

आणि वडिलांशी भांडू नकोस, ते चुकीचं सांगत नाहीत. राज्यसेवेतून गटविकास अधिकारी झालीस तर तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींशी तुझा रोजचा संबंध येईल. फक्त परीक्षेत पाच-सहा वर्षं घालवायची नाहीत, किती प्रयत्न द्यायचे ते आजच दोघांनी बसून ठरवा. फील्डवर राहूनही अभ्यास होतो. अवघड जातं, पण होतो.

तोवर एक काम. पुढच्या ग्रामसभेला जा आणि मागे बस. कोण बोलतं, कोण गप्प बसतं, पाण्याचा विषय निघाला की कोण उठून जातं, ते वहीत लिही. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे. तुमच्याकडे ती भरते की नुसती रजिस्टरात असते, तेही बघ. ती पानं मला पाठव. मग कुठल्या संस्थेत अर्ज करायचा ते बोलू.